मालक, तुमचा पगार कोण देतं?

आजचा विषय ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात एक-दोन बस आहेत, वडील स्वतः गाडी मारतात, मुलगा बुकिंग बघतो आणि आई किंवा वहिनी डायरीत हिशोब लिहितात, अशा घरांसाठी. कोल्हापुरात अशी घरं कमी नाहीत. तुमचं किराणा दुकान असो, गिरणी असो, नाहीतर मेस, तरीही हे शेवटपर्यंत वाचा. कारण दुखणं एकच आहे.

प्रश्न साधा आहे. तुम्ही महिन्याचे २६ दिवस स्टेअरिंगवर बसता. त्या कामाचा पगार तुमच्या हिशोबात कुठे लिहिलाय?

दहापैकी नऊ मालक हसतात. "सर, मालकाला कसला पगार? जे उरेल ते आपलंच की!"

माझं ठाम मत असं आहे की "जे उरेल ते आपलं" या एका वाक्याने जेवढे ट्रॅव्हल्सचे धंदे बसवले असतील, तेवढे डिझेलच्या दरानेही बसवले नसतील. का ते सांगतो.

आधी आकडे मांडूया

एक ३२ सीटची बस धरा. सोमवार ते शनिवार शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कंपनीची स्टाफ ड्युटी. रविवारी आणि सीझनला ट्रिपा: नरसोबाची वाडी, पंढरपूर, गणपतीपुळे, गोवा, लग्नाचं वऱ्हाड, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमचे वेगळे असतील, तुम्ही तुमचे टाका.

जमा:
- कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट: ८५,००० रुपये
- ट्रिपा: ६०,००० रुपये
- एकूण: १,४५,००० रुपये

खर्च:
- डिझेल: ४५,०००
- फायनान्सचा हप्ता: ३८,०००
- विमा, कर, पासिंग, परमिट (वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटून): १४,०००
- टायर, सर्व्हिसिंग, दुरुस्ती: १२,०००
- टोल, पार्किंग: ४,०००
- एकूण: १,१३,००० रुपये

हातात राहिले ३२,००० रुपये. मालक खूश. "महिन्याला बत्तीस हजार सुटतात सर, लई भारी चाललंय."

थांबा. गाडी कोण चालवतंय? मालक स्वतः. आजारी पडला तर बदली ड्रायव्हर ठेवायला पगार आणि भत्ता धरून २६,००० लागतील असं समजा. फोन घेणं, पार्टीशी बोलणं, गाडी धुणं, ट्रिपला किन्नर म्हणून जाणं, हे सगळं मुलगा करतो. त्या कामाला बाहेरचा पोरगा ठेवला तर १२,००० धरा. झाले ३८,०००.

आता ३२,००० मधून ३८,००० वजा करा. धंदा दर महिन्याला ६,००० रुपयांनी तोट्यात आहे.

म्हणजे घरात येणारे बत्तीस हजार हा नफा नाही. ती बाप-लेकाची मजुरी आहे, आणि तीसुद्धा बाजारभावापेक्षा कमी. धंदा तुम्हाला पोसत नाहीये. तुम्ही धंद्याला पोसताय.

कुणी म्हणेल, "पण सर, हप्त्यातून गाडी आपली होतेय ना?" होतेय, बरोबर आहे. पण ज्या दिवशी ती पूर्ण तुमची होईल, त्या दिवशी ती पाच वर्षांची जुनी असेल आणि कॉन्ट्रॅक्टवाली कंपनी नवीन मॉडेल मागत असेल. नवीन गाडीच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला काही टाकलंय का? या हिशोबात तरी ती ओळच नाही.

खरा घात दुसऱ्या गाडीने होतो

एका गाडीपर्यंत हे झाकलेलं राहतं, कारण घरातली माणसं राबून खड्डा भरून काढतात. मग मालक असा विचार करतो: एका गाडीवर बत्तीस हजार सुटतात, तर दोन गाड्यांवर चौसष्ट! फायनान्सवाला दारात उभाच असतो. जुन्या गाडीवर टॉप-अप, नाहीतर घर तारण, आणि दुसरी बस दारात येते. हार, नारळ, जोतिबाला पहिली फेरी. सगळं छान.

पण दोन गाड्या एक माणूस चालवू शकत नाही. दुसऱ्या गाडीला पगारी ड्रायव्हर लागतो. बत्तीस हजारांतून सव्वीस गेले, उरले सहा हजार. पगारी ड्रायव्हर तुमच्याइतक्या मायेने क्लच दाबेल, तुमच्याइतकंच ॲव्हरेज काढेल, असं धरून चालू नका. एका महिन्यात क्लच प्लेट बसली किंवा दोन टायर टाकावे लागले की ते सहा हजार संपले. आता पहिल्या गाडीच्या कमाईतून दुसरीचा हप्ता जातो. म्हणजे बापाच्या मजुरीवर दुसरी गाडी उभी आहे.

आणि मग सुरू होतं ते मला सगळ्यात जास्त घाबरवतं. हप्ता भरायचा म्हणून मालक जास्त ड्युट्या घ्यायला लागतो. पहाटे साडेपाचला पहिली शिफ्ट सोडायची, रात्री अकराला दुसरी शिफ्ट घरी पोचवायची, आणि शनिवारी रात्री परत लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघायचं. झोप कधी? "मधे गाडीतच एक डुलकी मारतो सर."

मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता. त्यात ड्रायव्हरसाठी सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा दिली होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ सुद्धा कामाच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवतं. पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या घरगुती धंद्याला १९६१ चा कायदा लागू होता की नाही, यावर वकील वाद घालतील. पण डोळ्यावरची झापड वकिलाला विचारून येत नाही. मालक पगारी ड्रायव्हरला एखाद्या दिवशी म्हणतो, "जा, झोप जरा." स्वतःला कधीच म्हणत नाही.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला खासगी बस जळाली, त्यात १२ जण गेले. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं, त्याचा निवाडा करणारा मी कोण? मी एवढंच म्हणतोय की आपल्या धंद्यात हिशोब चुकला तर तो फक्त वहीत चुकत नाही. मागे बत्तीस माणसं बसलेली असतात. म्हणून मालकाचा पगार हा मला नुसता अकाउंटचा मुद्दा वाटत नाही.

"पगार धरला तर धंदाच परवडत नाही"

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक आहे. उत्तरही सरळ देतो: मग तुमचा रेट चुकलाय.

वरचंच उदाहरण घ्या. खर्च १,१३,०००, घरच्या माणसांचे पगार ३८,०००, आणि पुढच्या गाडीसाठी महिन्याला १०,००० बाजूला. बेरीज १,६१,०००. जमा आहे १,४५,०००. कमी पडतात १६,०००. म्हणजे रेट साधारण ११ टक्के वाढायला हवा. १५,००० च्या ट्रिपवर हे होतात १,६५० रुपये. ३२ माणसांत वाटले तर माणशी पन्नास-बावन्न रुपये. एका मिसळीपेक्षा कमी! एवढे मागायला आपल्याला भीती वाटते, कारण "शेजारचा कमीत जातो."

शेजारचा कमीत का जातो? कारण त्यानेही स्वतःचा पगार धरलेला नाही. तो तुमच्याकडे बघून रेट कमी करतो, तुम्ही त्याच्याकडे बघून. दोघंही आपापल्या घरच्यांची मजुरी फुकट वाटताय. गावातला रेट असाच मरतो. कंपनीच्या परचेस मॅनेजरला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो तिघांना एकाच दिवशी बोलावतो.

माझी सूचना अशी. कॉन्ट्रॅक्ट करताना डिझेलचा दर लिहून घ्या, आणि दर अमुक रुपयांनी वाढला की भाडं अमुक टक्क्यांनी वाढेल ही अट टाका. आठ गिऱ्हाइकांना नवीन रेट सांगा. दोन जातील. जाऊ द्यात. त्या दोघांसाठी तुम्ही घरातून पैसे घालत होता.

उलट टोकही नको. दिवाळीला, मे महिन्यात तिकीट तिप्पट करायचं, हे पगार काढणं नव्हे. २०१८ पासून महाराष्ट्रात खासगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेण्याची मर्यादा आहे. सीझनला गिऱ्हाईक अडलेलं असतं, पैसे देतं, पण नाव लक्षात ठेवतं. वर्षभर योग्य रेट आणि सीझनला सभ्य रेट, हाच घरगुती धंद्याचा ब्रँड.

एसटीशी भाड्यात भिडू नका

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं. त्याच्या आधीच्या वर्षी ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. छोट्या ट्रॅव्हल्सवाल्यांची तक्रार मी समजू शकतो. पण १९४८ पासून रस्त्यावर असलेल्या, सरकार पाठीशी असलेल्या गाडीशी तुम्ही स्वस्ताईत जिंकणार नाही. एसटी जे विकू शकत नाही ते विका: दारातून बसवणं, देवदर्शनाला म्हाताऱ्या माणसांसाठी थांबणं, वाटेत ओळखीच्या ठिकाणी जेवण, आणि "पाटलांच्या गाडीला आपले अण्णाच असतात" हा भरवसा. तुमचा ओळखीचा ड्रायव्हर हाच तुमचा माल आहे, आणि नेमका त्याचाच पगार तुम्ही लावत नाही.

इथे एक इशारा. कॉन्ट्रॅक्ट कॅरेजच्या परमिटवर तावडे हॉटेलपासून वाटेत हात दाखवेल त्याला बसवत जाऊ नका. एका पार्टीला ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी न्यायचं, हे ते परमिट. टप्पा वाहतुकीचं परमिट वेगळं असतं. शंभर-दोनशेच्या लोभात अपघात झाला, तर विमा कंपनी परमिटचा भंग पुढे करू शकते, आणि भरपाई शेवटी मालकाच्या खिशातून वसूल होऊ शकते. त्या दिवशी घरच जातं.

मोठे झाले त्यांनी काय केलं?

आपल्या कोल्हापुरात घाटगे-पाटील हे नाव ट्रान्सपोर्टमुळे घराघरात पोचलं. पुण्याच्या प्रसन्नने घरच्या ट्रॅव्हल्सच्या धंद्यातून कंपन्यांच्या स्टाफ वाहतुकीत आणि शहर बसच्या कामात जागा केली. आणि हायवेला ज्यांची पिवळी गाडी सगळे ओळखतात ते व्हीआरएल. विजय संकेश्वर यांचं घराणं गदगचं, छपाईच्या धंद्यातलं. १९७६ मध्ये त्यांनी एका ट्रकने सुरुवात केली. प्रवासी बस आणल्या १९९६ मध्ये. मधली वीस वर्षं मालवाहतूकच. कंपनी शेअर बाजारात आली २०१५ मध्ये. विजयानंद या नावात वडील विजय आणि मुलगा आनंद दोघंही आहेत.

यातून "एक दिवस आपणही" असं स्वप्न घेऊ नका. दोन सवयी घ्या. पहिली, संयम: एक काम नीट बसल्याशिवाय दुसरं नाही. दुसरी, हिशोब वेगळा ठेवणं. त्यांची प्रवासी वाहतूक आता मालवाहतुकीपासून वेगळ्या कंपनीत आहे. तुमच्याकडे दोनच गाड्या असतील तरी दोन वह्या ठेवा. "एमएच ०९" पुढचे नंबर वेगळे, तसं पानही वेगळं. कुठली गाडी कमावते आणि कुठली खाते, हे तरच कळेल.

पूर, लॉकडाउन आणि रिकामी तिजोरी

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय? शिरोलीजवळ हायवेवर पाणी आणि कित्येक दिवस वाहतूक बंद. जुलै २०२१ ला परत तेच. मधे मार्च २०२० चं लॉकडाउन. गाड्या महिनोन् महिने दारात उभ्या राहिल्या, बॅटऱ्या उतरल्या, हप्ते मात्र मीटरसारखे चालूच. बँकांनी हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चढतच होतं.

पंचगंगा काही आपल्याला विचारून वर येत नाही. म्हणून किमान तीन हप्ते आणि तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असलाच पाहिजे. "कुठून आणू?" तर वरच्या त्या ११ टक्क्यांतूनच. गाडी लांबच्या मुदतीसाठी उभी राहणार असेल तर ती वापरात नसल्याचं आरटीओला आधी कळवायची सोय असते. त्याची माहिती तुमच्या एजंटकडून आजच घ्या, पाणी आल्यावर नको.

घरातला सगळ्यात अवघड हिशोब

आता नाजूक मुद्दा. दोन भाऊ. थोरला बारावीनंतर वडिलांच्या गाडीवर किन्नर म्हणून चढला, पुढे ड्रायव्हर झाला, पंधरा वर्षं गाडी मारली. धाकटा शिकला, पुण्याला नोकरीला लागला. वडील गेल्यावर धाकटा म्हणतो, "गाड्यांत माझा अर्धा हिस्सा." कायद्याच्या भाषेत तो चूक असेलच असं नाही. थोरल्याला वाटतं, "माझी पंधरा वर्षं कुठे गेली?"

त्या पंधरा वर्षांचा पगार कधी लिहिलाच नाही, म्हणून ती कुठेच दिसत नाहीत. थोरल्याला दरमहा पगार मिळाला असता, तर त्याची मेहनत त्याच्या खात्यात दिसली असती आणि मालकीची वाटणी वेगळी, शांतपणे झाली असती. पगार हा कष्टाचा असतो, हिस्सा हा मालकीचा. दोन्ही एकाच गल्ल्यात टाकले की भावाभावांत बोलणं बंद होतं. सुनांना दोष देऊ नका. दोष वहीचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी घरांना माहीत असते. परमिट वडिलांच्या नावावर असेल आणि ते गेले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे गाडी ज्याच्या ताब्यात येते तो तीन महिने ते परमिट वापरू शकतो. पण मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं, आणि तीन महिन्यांत परमिट नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. घरात दुःख असतं, दिवसकार्य चालू असतं, कागदाकडे कोण बघणार? म्हणून ही तारीख आधीच कुणा एकाला सांगून ठेवा. आरसी, परमिट, विमा, कर्ज कुणाच्या नावावर आहे, याचं एक पान करून कपाटात लावा.

मग स्टेअरिंग सोडायचं का?

नाही! गैरसमज नको. मालक-ड्रायव्हर ही मोठी ताकद आहे. गाडीचा आवाज बदलला की त्याला आधी कळतं. ॲव्हरेज तोच चांगलं काढतो. पार्टी त्याच्या तोंडाकडे बघून परत येते. तुम्हाला गाडी चालवायला आवडत असेल तर जरूर चालवा, अभिमानाने चालवा. फक्त ड्रायव्हर म्हणून पगार घ्या आणि मालक म्हणून नफा मोजा. एका माणसाच्या दोन टोप्या आहेत. दोन्ही डोक्यांवर एकाच खिशातून खर्च नको.

आणि पगार घ्यायला लागलात की ड्रायव्हरला सुट्टीही द्यायला लागाल. मग तो ड्रायव्हर तुम्ही स्वतः असलात तरी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आज रात्री वही उघडा. घरातला कोण धंद्यात किती तास काम करतो ते लिहा. वहिनींनी लिहिलेली डायरीसुद्धा काम आहे, तीही धरा.

२. त्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला तर किती द्यावे लागतील, तो आकडा समोर लिहा.

३. १ तारखेला तेवढे पैसे प्रत्येकाच्या स्वतःच्या बँक खात्यात टाका. पूर्ण जमत नसतील तर निम्मे टाका, पण टाका. बाकी वहीत देणं म्हणून दाखवा.

४. तीन महिने असं चालवा. त्यानंतरही हप्ता भरून पैसे उरत असतील, तरच दुसऱ्या गाडीचं कोटेशन मागवा. उरत नसतील तर आधी रेट दुरुस्त करा.

५. आठवड्यातली एक रात्र गाडी कितीही मोठ्या भाड्याला द्यायची नाही, असं ठरवा. ती झोपेची रात्र.

पहिल्या महिन्यात हे आकडे बघून पोटात गोळा येईल, हे आधीच सांगून ठेवतो. पण तो गोळा वहीसमोर आलेला बरा, बँकेची नोटीस आल्यावर नको, आणि रात्री अडीचला खंबाटकी घाटात तर मुळीच नको.

तुमच्या वहीत मालकाच्या पगाराचा आकडा किती निघाला, ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाव लिहायची गरज नाही, फक्त आकडा टाका. आणि ज्या मित्राने आत्ताच दुसऱ्या बसचा टोकन भरलाय, त्याला हा लेख आज रात्रीच पाठवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. गाडी हळू चालवा.